यंत्र बंद केल्यावर

बायोफीडबॅक शिकवणाऱ्याकडे पहिल्यांदा गेलेला माणूस बहुधा थोडा हिरमुसतो. सुई नाही, गोळी नाही, शॉक नाही. बोटाला एक चिमटा लावतात, छातीभोवती पट्टा बांधतात. पडद्यावर एक रेघ वर-खाली व्हायला लागते आणि समोरच्या बाई म्हणतात, "ही रेघ तुमची आहे. खाली आणून बघा." कशी आणायची ते त्या सांगत नाहीत, कारण ते सांगता येण्यासारखं नसतंच. माणूस खांदे ताणतो, दम धरतो, डोळे घट्ट मिटतो. रेघ आणखी चढते. शेवटी कंटाळून तो नाद सोडतो आणि नेमकी तेव्हाच ती उतरायला लागते. पहिला धडा तोच.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. शरीरात चाललेल्या ज्या गोष्टींची आपल्याला एरवी खबर नसते, त्या मोजायच्या, त्याच क्षणी आपल्याला दाखवायच्या किंवा ऐकवायच्या आणि त्यावरून त्या थोड्याफार आपल्या कह्यात येतात का ते पाहायचं. बोटांचं तापमान, तळहाताचा घाम, नाडी, श्वास, मानेच्या स्नायूंचा ताण, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा दाब, यांतलं काहीही मोजून दाखवलं की तो बायोफीडबॅक. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी दाखवल्या की न्यूरोफीडबॅक. यंत्र स्वतः उपचार करत नाही. गवयाच्या मागे तंबोरा असतो तसं ते आहे. सूर लागला की नाही ते कळतं, गायचं मात्र ज्याचं त्यालाच. बेळगावकडच्या वाचकाला तंबोऱ्याची महती वेगळी सांगायला नको, कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे.

म्हणून या सगळ्या खटाटोपाकडे मी एकाच प्रश्नातून बघतो. यंत्र काढून घेतल्यावर माणसाकडे काय उरतं? क्लिनिकच्या खुर्चीत नाडी शांत झाली आणि गावी परतून ऊसतोडीच्या टोळीशी हुज्जत घालताना पुन्हा तीच धडधड सुरू झाली, तर शिकलं काय? पुढची सगळी प्रकरणं मी या प्रश्नाला टेकवून लिहिली आहेत. काही लोकप्रिय गोष्टी त्यात बऱ्याच फिक्या पडतात आणि ज्यांचं नाव चारचौघांत काढायला लोक लाजतात अशा काही गोष्टी उजळून निघतात, त्याला माझा इलाज नाही.

आधी थोडा इतिहास. तो आपल्या भागापासून वाटतो तितका लांब नाही. १९२४ हे साल बेळगावकरांना गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनामुळे पाठ असतं. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतली विद्युत लहर डोक्यावरून पहिल्यांदा टिपली. छापायला त्याने १९२९ उजाडू दिलं. आणि १९२४ मध्येच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. तीन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बर्गर आणि कुवलयानंद यांना एकच खाज होती: आतलं बाहेर काढून मोजायचं.

कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, योगाला भक्तीच्या कोनाड्यातून काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवणारा मराठी माणूस. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो हे त्यांना आढळलं, आणि आपले गुरू माधवदासजी यांच्या नावावरून त्यांनी त्याला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. हे निष्कर्ष छापायला त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. याला बायोफीडबॅक म्हणता येणार नाही, कारण काटा पाहून योगी काही बदलत नव्हता, काटा पाहत होता संशोधक. मधला तो एक दुवा जोडायला आणखी चाळीस वर्षं गेली.

१९५७ साली वेंगर आणि बागची हे दोन संशोधक मोजमापाची यंत्रं घेऊन अमेरिकेतून आले आणि योग्यांच्या शोधात भारतभर फिरले. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्यांना त्यांनी दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासह ईसीजी लावून तपासलं. मनगटावरची नाडी खरोखरच लागेनाशी होई, स्टेथोस्कोपमधून ठोकेही ऐकू येत नसत. पण ईसीजीचा कागद सांगत होता की हृदय चालूच आहे. दम कोंडून छातीतला दाब वाढवला की रक्त हृदयाकडे नीट परतत नाही आणि नाडी हाताला लागत नाही, एवढीच ती करामत. १९६१ साली हा अहवाल छापून आला. याच मंडळींना मात्र एक योगी असाही भेटला, जो सांगितल्यावर काही मिनिटांत कपाळावर घाम आणून दाखवे. थंडीत गुहेत राहताना ऊब कल्पून कल्पून त्याला ते जमलं होतं. म्हणजे एकाच दौऱ्यात एक मोठा दावा पडला आणि एक छोटा, कुणी फारसा न मिरवलेला दावा खरा निघाला. 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' असं म्हणणाऱ्यांनी आणि 'आपल्याकडे सगळी थापेबाजी' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा अहवाल वाचायला हवा.

पुढे १९७० मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर ग्रीन यांच्यासमोर स्वामी राम बसले. हृदय थांबवतो म्हणाले. प्रत्यक्षात सतरा सेकंद हृदयाच्या वरच्या कप्प्यांची फडफड मिनिटाला तीनशेच्या घरात गेली आणि त्या वेळात नाडीतून रक्त नीट ढकललं गेलं नाही. हे स्वामी राम १९४९ ते १९५२ करवीरपीठाचे शंकराचार्य होते असं त्यांची शिष्यमंडळी लिहितात. निपाणीच्या वाचकाला करवीर म्हणजे चाळीस किलोमीटरवरचं कोल्हापूर, म्हणून हा उल्लेख. ग्रीन यांच्या प्रयोगशाळेचं खरं देणं मात्र यापेक्षा साधं होतं. तिथे हात गरम करायला शिकणाऱ्या एका बाईची अर्धशिशी, हात गरम होताच ओसरल्याचं लक्षात आलं, आणि डोकेदुखीसाठी बोटाला तापमापक लावण्याची रीत त्यातून निघाली.

मुंबईची नोंद याहून जवळची. केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. काहींचा दाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे आजच्या नजरेला खटकतं. पुढे १९८० मध्ये दात्यांनी 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये रक्तदाब आणि ताण यांसाठी बायोफीडबॅकच्या उपयोगावर लिहिलं. दरम्यान इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ च्या 'लॅन्सेट'मध्ये योग आणि बायोफीडबॅक एकत्र वापरून वीस रुग्णांचा रक्तदाब उतरवल्याचं मांडलं होतं आणि १९७५ मध्ये तुलनागट घेऊन तो प्रयोग पुन्हा केला. शवासनाला यंत्राची जोड द्यावी हे मुंबईत आणि लंडनकडे साधारण एकाच दशकात सुचलं, ही गोष्ट मला या विषयात सर्वांत आपली वाटते. दुर्दैवाने पाठपुरावा करणारं कुणी मागे उभं राहिलं नाही आणि बायोफीडबॅक परत आला तो परदेशी वस्तू म्हणून, अॅपच्या रूपात.

त्या काळी या क्षेत्रात उत्साहाला भरती होती आणि एक मोठी ठेचही लागली. नील मिलर हे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. उंदरांना हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल अशा अनैच्छिक गोष्टी बक्षीस देऊन शिकवता येतात, असे त्यांचे प्रयोग १९६९ मध्ये गाजले. नंतर तेच प्रयोग त्यांना स्वतःला पुन्हा जमेनात, आणि तसं त्यांनी छापून सांगितलं. आजच्या जाहिरातींत मिलर यांचं नाव दिसत नाही.

आता मुद्द्याचं. कशाला उपयोग होतो?

सर्वांत भक्कम पुरावा जिथे आहे, ते नाव घेतलं की लोक खुर्चीत चुळबुळतात: जुनी बद्धकोष्ठता. अनेकांना जुलाबाची औषधं वर्षानुवर्षं घेऊनही पोट साफ होत नाही, कारण अडचण आतड्यात नसते. जोर करताना गुदद्वाराभोवतीचे जे स्नायू सैल पडायचे तेच आवळले जातात. हे त्या माणसाला कळत नाही, कळण्याचा मार्गच नाही. छोटा फुगा किंवा दाब टिपणारी नळी लावून पडद्यावर दाखवलं की काही बैठकांत तो उलटी सवय मोडायला शिकतो. इटलीतल्या एका अभ्यासात १०९ रुग्णांत बायोफीडबॅक आणि औषध यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी बायोफीडबॅकच्या गटात सुमारे ८० टक्क्यांना चांगला फरक होता, औषधाच्या गटात २२ टक्क्यांना. हा २००६ चा अभ्यास. लक्षात घ्या, बैठका मोजक्या होत्या आणि फायदा यंत्र गेल्यावर टिकला. माझ्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्याच आजारात मिळत नाही.

बाळंतपणानंतर किंवा वय झाल्यावर खोकताना, शिंकताना लघवी सुटते, त्याची गोष्ट जरा वेगळी आहे आणि जास्त बोधप्रद. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगल यांनी १९४८ मध्येच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम आणि तो दाब मोजणारं एक साधं यंत्र मांडलं होतं. बायोफीडबॅक हा शब्द रूढ व्हायच्या वीस वर्षं आधी. व्यायामाचा उपयोग होतो, यात आता वाद नाही. पण यंत्राची भर पडल्याने जास्त होतो का? ब्रिटनमध्ये ६०० स्त्रियांना दोन गटांत वाटून पाहिलं: एका गटाला नुसता व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि यंत्र. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे निपाणीच्या एखाद्या मावशींना यासाठी यंत्राची गरज नाही. त्यांना गरज आहे ती हा त्रास म्हातारपणाचा भोग नव्हे आणि बेळगावात वा कोल्हापुरात फिजिओथेरपिस्टकडे तो व्यायाम नीट शिकता येतो, हे कुणीतरी सांगण्याची. दिवसभर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन हजारी दराने विड्या वळणाऱ्या बायकांना उठबस करताना काय सोसावं लागतं हे त्या डॉक्टरला सांगत नाहीत. सुनेलाही नाही.

त्याच बायकांच्या मानेची आणि डोक्याची तक्रार मात्र मोकळेपणी कानावर येते. "सकाळपासनं डोकं दुखाय लागलंय" या वाक्यामागे कधी अर्धशिशी असते, कधी मान-खांद्याचे स्नायू आखडून येणारी डोकेदुखी. दोन्हींसाठी बायोफीडबॅकचा पुरावा चांगला आहे. अर्धशिशीच्या ५५ अभ्यासांचा एकत्र आढावा २००७ मध्ये निघाला. परिणाम मध्यम, पण सरासरी सतरा महिन्यांनंतरही टिकलेला. इथे स्नायूंचा ताण ऐकवणारं यंत्र उपयोगी पडतं. मान वाकवून काम करणाऱ्याला खांदे कानाशी गेलेत हे जाणवतच नाही, कारण वर्षानुवर्षं ते तिथेच आहेत. सूर चढला की कळतं. काही दिवसांनी सुराशिवाय कळायला लागतं. शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्या विणकराला आणि कॉल सेंटरमधल्या पोरालाही हे तितकंच लागू आहे. फक्त मजुरीचा दर, बसण्याची जागा आणि कामाचे तास तेच राहिले तर खांदे पुन्हा कानाशी जाणार, हेही लिहून ठेवतो. ताण नेहमी डोक्यातच असतो असं मानणारी पुस्तकं मला आवडत नाहीत.

मग श्वास. घरी सुरुवात करायची तर इथूनच. श्वास घेताना हृदय किंचित वेग घेतं, सोडताना मंदावतं. रक्तदाब सांभाळणारी शरीराची जी व्यवस्था आहे तिची स्वतःची एक लय साधारण दहा सेकंदांची असते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की दोन्ही लयी जुळतात आणि नाडीतला चढ-उतार मोठा, नितळ होतो. प्रत्येकाचा नेमका आकडा वेगळा, साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान. छातीचा पट्टा किंवा बोटाचा चिमटा लावून तो शोधणं, एवढंच काम यंत्राचं. इटलीच्या बर्नार्डी यांनी २००१ मध्ये एक मजेशीर गोष्ट मोजली: लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणताना, दोन्ही वेळी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. आपल्या घरातल्या आजीच्या नामजपाची गती कुणी मोजलेली मला ठाऊक नाही, पण सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन वाचकाने मोजायला हरकत नाही. तिला न सांगता मोजावी, सांगितलं की बदलते.

इथवरचं सगळं मानेच्या खालचं. लोकांना ओढ असते वरची.

न्यूरोफीडबॅकची सुरुवात तशी मांजरांपासून झाली. कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन यांनी साठच्या दशकात मांजरांना मेंदूतली १२ ते १५ हर्ट्झची एक विशिष्ट लहर वाढवायला शिकवलं. वाढली की खाऊ. पुढे त्यांच्याकडे अगदी वेगळं काम आलं, रॉकेटच्या इंधनातल्या हायड्रॅझिन जातीच्या विषारी रसायनाचा मेंदूवरचा परिणाम तपासण्याचं. त्याने फिट येते. ही आधी शिकवलेली मांजरं इतर मांजरांपेक्षा उशिरापर्यंत तग धरून राहिली. मांजराला औषधावर श्रद्धा नसते, त्यामुळे हा निकाल लोकांना पटला. १९७२ मध्ये फिटच्या एका रुग्ण स्त्रीवर हीच पद्धत वापरल्याचं स्टरमन यांनी छापलं. १९७६ पासून टेनेसीच्या जोएल लुबार यांनी ती चंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांकडे वळवली, आणि आजचा सगळा बाजार त्या वळणावर उभा आहे.

पालकांना सांगितलं जातं ते असं. मुलाच्या मेंदूत मंद थीटा लहरी जास्त आहेत आणि जलद बीटा कमी. पडद्यावर विमान उडवू किंवा कार्टून लावू. बीटा वाढली की विमान पुढे जाईल, कार्टून चालू राहील. तीस-चाळीस बैठका. ऐकायला सुसंगत आहे. प्रश्न असा की तपासून काय दिसलं. अमेरिकेत ७ ते १० वयाच्या १४४ मुलांना दोन गटांत वाटलं. एका गटाला खरा न्यूरोफीडबॅक. दुसऱ्याला तीच खुर्ची, तोच खेळ, तितक्याच बैठका, फक्त पडद्यावरचं विमान त्याच्या मेंदूवर चालत नव्हतं. आधीच नोंदवलेल्या दुसऱ्या मुलाच्या आलेखावर चालत होतं. कोण कुठल्या गटात हे ना मुलाला माहीत, ना पालकांना, ना शिक्षकांना. २०२१ मध्ये निकाल आला: दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. २०२४ च्या अखेरीस ३८ चाचण्यांचा, जवळपास अडीच हजार सहभागींचा आढावा 'जामा सायकायट्री'ने छापला. ज्यांना उपचार कुठला ते ठाऊक नव्हतं अशांच्या नोंदी घेतल्या की एकूण गटात दखलपात्र फायदा दिसत नाही. निद्रानाशावरही २०१७ मध्ये अशीच आंधळी चाचणी झाली होती, निकाल तसाच.

'दोन्ही गट सुधारले' यातलं 'सुधारले' मला सोडून द्यावंसं वाटत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ठरलेल्या वेळी जायचं, एका मोठ्या माणसाने पूर्ण लक्ष द्यायचं, न हलता बसायचा सराव, घरी आल्यावर आईने "आज कसं झालं?" विचारायचं. यातलं काय उपयोगी पडलं ते चाचणी वेगळं काढू शकत नाही. पण थीटा-बीटाचं गणित त्यात निर्णायक नव्हतं एवढं नक्की. मग हजारो रुपये कशाचे द्यायचे, हा प्रश्न पालकांनी विचारायचा असतो. मी न्यूरोफीडबॅकला बनवाबनवी म्हणत नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या स्मरण आणि लक्ष यांसाठी त्यावर गांभीर्याने काम झालं आहे, आणि पुणे-बंगळूर महामार्गाच्या काठावर राहणाऱ्या आपल्या भागाला त्या कामाची गरज इतरांहून जास्त. पण लक्ष न लागणाऱ्या मुलासाठी तो पहिला उपाय नाही, दुसराही नाही.

निपाणीहून हिशेब करून बघा. चाळीस बैठका, आठवड्याला दोन, म्हणजे पाच महिने. बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर चाळीस. प्रत्येक खेपेला एका मोठ्या माणसाचा निम्मा-पाऊण दिवस, मुलाची शाळा बुडते ती वेगळी, आणि गणितात मागे पडलेलं मूल आणखी मागे. त्यापेक्षा एकदा बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्समध्ये नीट निदान करून घ्यावं. मुलाला दिसतं-ऐकू येतं ना, झोप पुरते ना, अक्षरं उलटी तर दिसत नाहीत ना, हे पाहून घ्यावं. चंचल म्हणून आणलेल्या मुलाला कधी चष्माच लागतो.

कुणाकडे जायचं यासाठी दोन साध्या खुणा. मानसशास्त्रीय उपचार करणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे तिची नोंदणी हवी, नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि कर्नाटकातल्या खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे. दरपत्रकही लावायचं असतं. भिंतीवर ते नसेल आणि रंगीत मेंदूचं चित्र मात्र असेल, तर बाहेर पडताना बस किती वाजता आहे ते बघावं.

भाषेचा मुद्दा मला इथे टाळता येत नाही. सीमाप्रश्नाचं व्हायचं ते होवो, पण बेळगावच्या मुलाची अवस्था अशी असते की घरी मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, आणि क्लिनिकमधलं सॉफ्टवेअर इंग्रजी. यंत्राचा सूर कुठल्याच भाषेतला नसतो, ती त्याची खुबी. मात्र सुरुवातीला पालकांनी भरायचा तक्ता भाषेत असतो. 'मूल बऱ्याचदा आपल्या वस्तू हरवतं का?' यातलं 'बऱ्याचदा' म्हणजे किती, हे कन्नड किंवा इंग्रजी तक्त्यावर अंदाजाने खूण करणाऱ्या आईने ठरवायचं, आणि त्या खुणेवर निदान उभं राहायचं. शिवाय मेंदूच्या नकाशात 'सामान्य' कोण हे ज्या संग्रहावरून ठरतं त्यात खानापूरची मुलं नसतात. बैठक संपल्यावरची पाच मिनिटं तर पूर्ण भाषेचीच: काय केलं तेव्हा रेघ उतरली, काय आठवत होतं, घरी काय करून बघशील. ही पाच मिनिटं मोडक्या भाषेत झाली तर बैठक गेलीच समजा. आपल्या भाषेत बोलणारी व्यक्ती मागून घ्यावी. बेळगावात ती मिळते, मागावी मात्र लागते.

घरगुती उपकरणांबद्दल थोडक्यात, कारण प्रकरण सहामध्ये तपशील आहेत. कपाळावर बांधायच्या पट्ट्या, म्यूजसारख्या, २०१४ च्या सुमारास बाजारात आल्या. कपाळावर आणि कानामागे मिळून चार ठिकाणी त्या मोजतात. मेंदूची लहर कवटीबाहेर येईतो काही दशलक्षांश व्होल्टची उरते. दात आवळले, भुवई उचलली, पापणी मिटली की स्नायूंची वीज तिच्यावर सहज मात करते. त्यामुळे 'आज मेंदू फार सक्रिय' असं अॅप म्हणालं तर आधी जबडा सैल सोडून पाहावा. डोळे मिटल्यावर अल्फा लहर वाढते ती कुणाचीही वाढते. बर्गरने शंभर वर्षांपूर्वीच ते पाहिलं होतं. ती वाढवून दिली म्हणून पैसे घेणाऱ्याने डोळे मिटण्याचे पैसे घेतले. क्लिनिकमध्ये जाताना आदल्या दिवशी डोकं धुऊन जावं, खोबरेल लावू नये, इलेक्ट्रोड नीट टेकत नाहीत. विजेवर चालणारं उपकरण घरी असेल तर घराला अर्थिंग आहे का ते बघून घ्यावं. जुन्या घरांत बहुधा नसतं, आणि ५० हर्ट्झची घरघर आलेखात मेंदू म्हणून दिसते. बोटाला लावायचा साधा तापमापक या सगळ्यापेक्षा स्वस्त आहे आणि खोटं कमी बोलतो. थंड, ताणलेल्या हाताच्या बोटांचं तापमान पंचविसाच्या आसपास उतरतं, निवांत हाताचं चौतीस-पस्तिसापर्यंत चढतं. हिवाळ्यात सकाळी करू नये, बेळगावची थंडीच मोजली जाईल.

प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे: श्वास, हात, मान, ओटीपोट, घरची उपकरणं वेगळी काढून, आणि सगळ्यांत शेवटी डोकं. थेट शेवटच्या प्रकरणावर जाणाऱ्यांना मी अडवू शकत नाही. त्यांनी एवढं मात्र आधी वाचून जावं. फिटची गोळी कुठल्याही यंत्राच्या भरवशावर एक दिवसही चुकवायची नाही. स्टरमन यांच्या रुग्ण स्त्रीच्या गोष्टीवरून तर नाहीच. बीपीची गोळी कमी करायची असेल तर ती घरच्या नोंदवहीतले दोन-तीन महिन्यांचे आकडे पाहून डॉक्टर कमी करतील, आपण नाही. बैठकांनंतर झोप बिघडली, चिडचिड वाढली, डोकं जड राहिलं तर ते 'मेंदू साफ होण्याचं लक्षण' नसतं, बैठक थांबवून विचारायचं असतं. आणि मन इतकं खचलं असेल की जीव नकोसा वाटतोय, तर न्यूरोफीडबॅकची तारीख मिळायची वाट पाहू नये. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट चालतो, आणि फोन उचलल्यावर मराठी मागता येते, कन्नडही.